एका खुर्चीची दोन तिकिटं

१

दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी क रांगेतल्या सात नंबरच्या खुर्चीवर बसायला दोन माणसं आली आणि दोघांचीही तिकिटं खरी निघाली.

आमच्या नाट्यगृहाच्या दारावर मी सोळा वर्षं तिकिटं फाडतेय. घरची थोरली सून दारावर उभी राहते म्हणून सुरुवातीला लोक हसायचे. आता माझी नजर चुकवून आत जाऊन दाखवा म्हणावं. कालचं तिकीट आज खपवणारे, 'आत नवरा बसलाय' म्हणून घुसणाऱ्या बायका, सगळे पाहून झालेत. पण एका खुर्चीची दोन खरी तिकिटं मी पहिल्यांदाच पाहत होते.

खेळ मुलांसाठीच्या जादूचा होता. एक टोपीवाले आजोबा नातवाला घेऊन आले होते, त्यांचं तिकीट फोनवर. दुसऱ्या साठीच्या बाई, कापलेले केस, खांद्याला पोतडीएवढी पिशवी, आणि हातात आमच्या तिकीटखिडकीवरचं छापील तिकीट. मी दोन्ही उलटसुलट पाहिली. तारीख तीच, वेळ तीच, खुर्ची तीच.

"आजोबांना बसू दे," बाई म्हणाल्या. "मी तसंही जादू बघायला येत नाही. हातचलाखी कुठे होते ते बघायला येते."

तेवढ्यात घ-अकरावर वाजलं. मग क-बारावर. दहा मिनिटांत तीन खुर्च्या आणि सहा माणसं. जादूला नेहमीप्रमाणे अर्धं प्रेक्षागृह रिकामं होतं, म्हणून मी सगळ्यांना इकडेतिकडे बसवून टाकलं. पण संध्याकाळी साडेसहाला नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. खुर्च्या चारशे बारा, आणि वेबसाइटवर फक्त एकवीस शिल्लक दिसत होत्या.

आमचे हे जिन्यावरून धावत आले. घरात एवढा गोंधळ झालाय आणि नवऱ्याचा चेहरा खुललाय, असं कधी पाहिलंय का कुणी? मी पाहिलं.

"झाला ना घोळ?" हे म्हणाले. "पाच वाजता कंपनीचा माणूस करार घेऊन येतोय. आता आईला सही करावीच लागेल."

२

हा करार काय तो आधी सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं होतं.

आमची तिकिटं विकणारी वेबसाइट माझ्या धाकट्या जावेने चार वर्षांपूर्वी स्वतः बांधली. धाकटे दीर परगावी नोकरीला असतात, म्हणून ते या गोष्टीत नाहीत. धाकटी मात्र आहे, पुरेपूर आहे. ती वेबसाइट इंटरनेटवरच्या ज्या जुन्या भाड्याच्या जागेवर चालायची ती जागा रडतखडत चालू होती. नवं नाटक लागलं की पान उघडायला दोन मिनिटं. म्हणून तिने नवी जागा घेतली आणि वेबसाइट तिकडे हलवायची ठरवली, तीही एक मिनिटसुद्धा बंद न ठेवता. आमच्या ह्यांचं मत वेगळं. एका मोठ्या तिकीट कंपनीला सगळं देऊन टाकावं, डोक्याला ताप नको. सासूबाईंनी मधला मार्ग काढला: वेबसाइट नीट हलली तर धाकटीची राहील. एक जरी गोंधळ झाला तर गुरुवारी पाच वाजता सासूबाई करारावर सही करणार. आज गुरुवार होता.

वरच्या खोलीत सासूबाईंसमोर आम्ही सगळे उभे राहिलो. पोतडीवाल्या बाई कुणी न बोलावता मागोमाग आल्या होत्या.

"आपण कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"क-सात. एकतीस वर्षं विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं पाहिली. आग लागली की लावली, एवढंच सांगायचं काम. निवृत्त झाले, सवय राहिली. तुमची हरकत नसेल तर थोडं विचारते."

सासूबाईंनी आम्हा सगळ्यांवरून एक नजर फिरवली. "विचारा. घरातला प्रत्येकजण कुणाच्या ना कुणाच्या बाजूचा आहे."

विमाबाईंनी धाकटीकडे मान वळवली. "मला समजेल असं सांग हं, बाळ. घर कसं हलवलंस?"

धाकटी पांढरी पडली होती, पण कामाचं विचारलं की तिला कंठ फुटतो. "आधी नव्या जागेत हुबेहूब तसंच घर लावलं. मग शनिवारी सकाळी पत्ता बदलला. म्हणजे आपलं नाव कुणी विचारलं की इंटरनेटने त्याला नव्या जागेकडे पाठवायचं. पण ही बातमी सगळीकडे एकदम पोचत नाही. काही लोक एकदोन दिवस जुन्या दारावरच जातात. म्हणून जुनं घरही उघडं ठेवलं, आणि तिथे एखादं तिकीट विकलं गेलंच तर ते लगेच नव्या घरात नोंदवणारी ने-आण ठेवली. मुद्दाम शनिवार-रविवार निवडला, कारण रंगमंचाला पॉलिश करायचं होतं, नाट्यगृह बंदच होतं."

"आणि जुन्या दारावर कोण आलं?"

"शनिवारी दुपारपर्यंत थोडे. त्यानंतर कुणी नाही. नावाने विचारत कुणी आलं की तिथला आकडा वाढतो. आत्ताही पाहिलं. शून्य."

"ने-आण अजून चालू आहे?"

"हो," धाकटी म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

मग तिने आपला संगणक सासूबाईंकडे वळवला आणि आवाज खाली गेला. "आई, एक विचित्र आहे. सोमवारपासून खिडकीवरून एकही तिकीट विकलेलं दिसत नाही. एकसुद्धा नाही."

विमाबाईंनी आपलं छापील तिकीट टेबलावर ठेवलं. खाली छोट्या अक्षरात तारीख होती, मंगळवारची.

"मग हे मला कुणी विकलं?"

३

खिडकीवर आमचे टेलिफोनकाका बसतात. सासऱ्यांचे धाकटे भाऊ. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, आणि एक्स्चेंज बंद पडलं तरी त्यांच्या डोक्यातलं चालूच आहे. माणसांना ते नंबरांनी ओळखतात. मी अडतीस, कारण दारावरच्या फोनचा नंबर अडतीस. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माझं वय विचारतायत.

आम्ही सगळे खिडकीच्या खोलीच्या दारात गर्दी करून उभे राहिलो. आत काकांशिवाय कुणी जात नाही. त्यांच्या खुर्चीत बसायचं तर लांबच, तिच्या पाठीवर कुणी ओला टॉवेल टाकला तरी दोन दिवस अबोला.

"एकोणपन्नास," काका म्हणाले. "सोमवारी दहा वाजल्यापासून एकोणपन्नास तिकिटं विकली. नऊ जादूची, चाळीस आजच्या नाटकाची. प्रत्येक संगणकात टाकलं, मगच छापून दिलं. नोंद केल्याशिवाय ते यंत्र छापतच नाही."

विमाबाईंनी कागदाची गुंडाळी मागितली. छापील अनुक्रम मोजला. बरोबर एकोणपन्नास संपले होते.

"काका, माझ्याकडे एकही दिसत नाही," धाकटी म्हणाली.

"माझ्याकडे सगळी दिसतात."

"गुंडाळी संपली म्हणजे नोंद झाली असं नाही," आमचे हे मध्ये पडले. "वय झालं की विसरतं माणूस. किंवा मग..."

हे 'किंवा मग' ऐकलं आणि काकांचा चेहरा असा झाला की मला माझ्याच नवऱ्याच्या वतीने लाज वाटली. घड्याळात एक वाजला होता. एक ते तीन खिडकी बंद, हा त्यांचा नेम. आभाळ कोसळलं तरी मोडत नाही. त्यांनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

"पस्तीस वर्षांत एक कॉल चुकीचा जोडला नाही मी," जाताना म्हणाले. "आणि एवढं कशाला भांडताय? नाटकाला गर्दी आहेच कुठे. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या आहेत आज."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चारशे बारापैकी तीनशे एक्याण्णव गेलेल्या होत्या. काका चिडून बोलले असतील, असं मी मनात म्हटलं. विमाबाईंनी मात्र छोटी वही काढून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

"आता संध्याकाळपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं.

"नाहीये, ताई," धाकटीने माझा हात धरला. "जुनी जागा आज चार वाजता बंद होते. मीच महिन्यापूर्वी कळवलं होतं. आत्ता फोन केला, ते म्हणतात आता थांबवता येत नाही. चारनंतर तिथलं सगळं पुसलं जाईल. पडताळायला काही म्हणजे काही उरणार नाही."

४

पुढचे जवळजवळ दोन तास विमाबाईंनी आम्हाला एकेकाला बाजूला घेतलं. आधी मला.

"खिडकीच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे?"

"माझ्या जुडग्यात."

"धाकट्या जावेशी पटतं?"

"भांडणापुरतं पटतं. तिच्या वेबसाइटमुळे खिडकीवरची रांग गेली आणि माझ्या दारावर सगळे शेवटच्या दहा मिनिटांत कोसळतात. पण तिची वेबसाइट बुडावी असं मला कधीच वाटलं नाही. ती चार वर्षं त्यावर राबलीय, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"खोली उघड, आत नको जाऊ."

मी उघडली. विमाबाई उंबऱ्याशी उकिडव्या बसल्या आणि जमिनीकडे पाहत राहिल्या. मग मलाही दिसलं. फरशीवर पॉलिशचे चिकट, पिवळट ठसे उमटले होते. मोठा बूट, टाचेला चंद्रकोरीची खूण. पॉलिश रविवारी ओलं होतं, सोमवारी वाळलं होतं. म्हणजे नाट्यगृह बंद असताना रविवारी कुणीतरी माझ्या किल्लीने इथे आलं होतं. तो बूट मला ओळखावा लागलाच नाही. दर रविवारी मीच त्याला ब्रश मारते.

सांगू की गिळून टाकू? खोटं कशाला बोलू, क्षणभर गिळावंसं वाटलं. पण काकांचा मघाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

"आमच्या ह्यांचा आहे," मी म्हटलं.

ह्यांना बोलावलं. आधी उडवाउडवी, मग घाम, मग सगळं बाहेर आलं. "कंपनीचं यंत्र भिंतीवर कुठे बसेल त्याचं माप घ्यायला आलो होतो. संगणकाला बोट लावलं असेल तर हात झडतील माझे. मला करार हवाय, पण घरातल्या माणसाला खड्ड्यात घालून नको."

"मघाशी काकांना कुठे घातलंत मग?" मी विचारलं.

माझा विश्वास बसावा असं मला फार वाटत होतं, पण बायकोच्या वाटण्याला कोण विचारतो. विमाबाईंनी त्यांची सुटका वेगळ्याच वाटेने केली. "ठसे दारातून भिंतीपर्यंत जातात आणि तसेच परत फिरतात. खुर्चीकडे एकही वळत नाही. हा माणूस संगणकाजवळ गेलेला नाही."

हुश्श झालं मला. पण मग उरले दोघंच: काका आणि धाकटी.

"एक सांग," विमाबाई मला म्हणाल्या. "दारावर तीन टकरी झाल्या. कुठल्या तिकिटाची कुठल्याशी?"

मी आठवलं. क-सात: फोन आणि खिडकी. घ-अकरा: फोन आणि खिडकी. क-बारा: तेच.

"फोनची फोनशी नाही? खिडकीची खिडकीशी नाही?"

"नाही."

"नोंदी गहाळ होत असत्या तर काकांनी स्वतःच एक खुर्ची दोनदा विकली असती. तसं झालेलं नाही. त्यांच्या यादीत घोळ नाही. हिच्या यादीतही नाही." त्यांनी वही मिटली, आणि त्यांच्या डोळ्यांत असा उत्साह आला की मलाही हुरूप चढला. "म्हणजे कुणीच खोटं बोलत नाही. चोर असता तर सोपं होतं. दोघंही खरं बोलतायत आणि आपल्याकडे एक तास आहे."

५

तीनच्या ठोक्याला काका आले. जेवले नव्हते, ते चेहऱ्यावरूनच कळत होतं. संगणक चालू केला, आणि धाकटी दाराबाहेर आपला फोन हातात धरून उभी राहिली.

"दोघांनी फक्त उत्तरं द्यायची," विमाबाई म्हणाल्या. "आजचं नाटक. शेवटची श रांग. काका, किती रिकामी?"

"सगळी."

"तू?"

"सगळी भरलेली," धाकटी म्हणाली.

"क-सात, आजच्या नाटकाची?"

"मी बुधवारी विकली," काका म्हणाले.

"मंगळवारी फोनवरून गेली," धाकटी म्हणाली.

सासूबाई जिन्यातच थांबल्या होत्या. विमाबाईंनी धाकटीला आपल्या फोनवर शिल्लक एकवीसपैकी एक खुर्ची घ्यायला सांगितली, ल-चार. तिने घेतली. काकांनी पान नव्याने उघडलं. ल-चार रिकामीच. परत उघडलं. रिकामीच.

"मघाशी काका म्हणाले, अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या आहेत," विमाबाई म्हणाल्या. "तुम्हाला तो राग वाटला. मला वाटलं, हा माणूस नजरेसमोर आहे तेच सांगतोय. काका, शनिवारी सकाळपर्यंत किती विकली होती?"

"एकशे चाळीस."

"आणि आत्ता तुमच्याकडे?"

"एकशे ऐंशी. माझी चाळीस धरून."

"म्हणजे शनिवारनंतर तुमच्या यादीत तुमच्याशिवाय कुणीच काही विकलेलं नाही. आणि हिच्या यादीत सगळ्यांनी विकलं, फक्त तुम्ही नाही. शनिवारी काय झालं? घर हललं. काका, तुम्ही अजून जुन्या घरात बसून तिकिटं विकताय."

"शक्य नाही," धाकटी म्हणाली. "नाव टाकलं की नव्याच जागी जातं. जुन्या दारावर नावाने कुणी आलं नाही, मी मोजलंय."

"नावाने नाही आलं," विमाबाई म्हणाल्या. "काका, खुर्चीला हात लावत नाही. फक्त मान पुढे करू का?"

काकांनी थोडा विचार केला आणि अंग आक्रसून वाट दिली. विमाबाईंनी चष्मा सावरून पडद्याच्या वरच्या कडेची पट्टी वाचली, जिथे आपण नाव टाकतो. तिथे नाव नव्हतंच. नुसते आकडे होते. मध्ये ठिपके असलेले चार आकडे.

"हा तर जुन्या जागेचा नंबर," धाकटी म्हणाली. "मशीनचा स्वतःचा नंबर. काका, हा तुमच्याकडे कसा?"

"तूच दिलास," काका म्हणाले. "चार वर्षांपूर्वी. नाव अजून मिळालं नाही, तोवर या नंबरावर जाऊन बघा म्हणालीस. मी पाठ केला. नाव मिळालं असेल नंतर. मला काय करायचंय नावाशी? एक्स्चेंजमध्ये नावाने कॉल जोडायला लागलो असतो तर अर्ध्या गावाची लग्नं मोडली असती."

"रोज लाल पान येत असेल ना, धोका आहे म्हणून?" धाकटीने विचारलं.

"येतं. 'तरीही पुढे जा' दाबतो. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला कशाला त्रास द्यायचा."

चार वर्षं. रोज सकाळी. आणि कुणी त्या खुर्चीच्या मागे कधी उभंच राहिलं नव्हतं.

"पण मग ने-आण?" आमच्या ह्यांनी पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला. "जुन्या घरातली नोंद आपोआप नव्या घरात जाणार होती ना? ती कुठे गेली?"

सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या.

६

तिने सासूबाईंकडेच पाहून सांगितलं. "मी बंद केली, आई. सोमवारी सकाळी साडेआठला. आज चारपर्यंत ठेवीन असं तुम्हाला सांगितलं होतं. पण तिच्यामुळे नवी जागाही अडखळत होती. रविवारभर जुन्या दारावर कुणी नाही, म्हणून वाटलं, आता कोण येणार. मी फक्त शनिवार-रविवारच पाहिलं. ते दोन दिवस खिडकीच बंद होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काकांनी दहाला खिडकी उघडली. तासादीडतासाचा फरक. मघाशी मी खोटं बोलले."

भिंतीवरच्या घड्याळात तीन एकतीस झाले होते.

"रडायचं ते चारनंतर," विमाबाई म्हणाल्या. "त्या एकोणपन्नास नोंदी आणता येतील का?"

मग जी धावपळ झाली तशी आमच्या रंगमंचावरही कधी झाली नसेल. धाकटीने संगणक जिन्याच्या पायरीवरच मांडला आणि जुन्या घरातलं सामान उतरवायला घेतलं. जुनी जागा ती, शेवटच्या दिवशी तरी कशाला घाई करेल. दहा टक्के, मग बारा टक्के. म्हणून दुसरीकडे काका मोठ्याने वाचू लागले आणि मी लिहू लागले: खुर्ची, फोन नंबर, खुर्ची, फोन नंबर. तीन पंचेचाळीसला धाकटीचं उतरवणं मध्येच तुटलं. तिने एक अक्षर न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आमचे हे तिच्यासाठी पाणी घेऊन आले आणि पेला हातात धरून तिथेच उभे राहिले, कारण तिला ते घ्यायलाही फुरसत नव्हती.

तीन बावन्न. साठ टक्के. काका सदतिसाव्या तिकिटावर. माझा हात भरून आला होता, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण थांबायला कोण तयार होतं. तीन छप्पन. नव्वद. मला हे कबूल करायला हरकत नाही की त्या क्षणी मी अतिशय खुशीत होते. भीती होतीच, पण घरातले सगळे एका दिशेने धावतायत हे मी सोळा वर्षांत पहिल्यांदा पाहत होते.

तीन अठ्ठावन्नला धाकटी म्हणाली, "आलं."

काका शेवटच्या दोन ओळी वाचतच होते. चार वाजले आणि त्यांच्या समोरचा पडदा पांढराफटक झाला. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

धाकटीने दोन्ही याद्या एकत्र केल्या. आमच्याच चाचणीची ल-चार तिने रद्द केली. वेबसाइटवरची तीनशे एक्याण्णव आणि खिडकीवरची चाळीस, मिळून चारशे एकतीस माणसं. खुर्च्या चारशे बारा. एकोणीस माणसं उभी.

७

पाच वाजता तिकीट कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, खिशाला जाड, चकचकीत पेन. त्याने सासूबाईंसमोर करार उघडून ठेवला आणि सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवली.

धाकटी दाराशी उभी होती. ती आशा धरून नव्हती, ते दिसत होतं. काका तिच्या शेजारी.

"भाऊजींचा काही दोष नाही," सासूबाई म्हणाल्या. "नंबर त्यांना आपणच दिला, नाव द्यायला चार वर्षं कुणी गेलं नाही. तुझा आहे. ने-आण बंद केलीस, तो नजरचुकीचा. दुपारी ह्या बाईंनी विचारलं तेव्हा खोटं बोललीस, तो मोठा. तेव्हाच खरं सांगितलं असतंस तर तीन तास वाचले असते. का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला होतात, एक जरी गोंधळ झाला तर सही."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाट्यगृह चाळीस वर्षं चालवलेली बाई. चूक कबूल करताना मी त्यांना पाहिलेलं नाही, आणि त्या दिवशीही त्यांनी तोंडाने केली नाही.

"तालमीच्या खोलीत खुर्च्या किती आहेत?" त्यांनी मला विचारलं.

"पंचवीस तरी."

"पहिल्या रांगेच्या पुढे वादकांची जागा आज मोकळी आहे. वाट अडत नाही. तिथे लावा." मग कंपनीच्या माणसाकडे हात पुढे केला. "पेन द्या."

त्याने लगबगीने टोपण काढून पेन दिलं. धाकटीने डोळे मिटले.

सासूबाईंनी करार बाजूला सरकवला, टेबलाच्या कप्प्यातून कोरा कागद काढला, पट्टीने फाडून त्याचे तुकडे केले आणि प्रत्येकावर आपल्या ठसठशीत अक्षरात आकडा घालायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. कंपनीचा माणूस पाहत राहिला. "बाई, सही..." असं तो एकदा म्हणाला. "थांबा हो, लिहितेय ना," त्या म्हणाल्या.

एकोणिसावा तुकडा लिहून त्यांनी गठ्ठा धाकटीपुढे धरला. "ज्यांची खुर्ची दोनदा विकली त्यांच्यातल्या एकोणीस जणांना फोन कर. स्वतः कर. वेबसाइट तुझी आहे, शिव्याही तूच खा." धाकटीने गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. तिला रडू कोसळलं आणि ती तशीच, रडत रडत, फोन लावायला बसली. काका पलीकडे बसून तिला नंबर सांगू लागले. आमचे हे कुणी न सांगता तालमीच्या खोलीकडे निघाले. जिन्यात मला म्हणाले, "काकांना काय म्हणू?" मी म्हटलं, "आधी खुर्च्या उचला, मग सुचेल."

वर सासूबाईंनी आणखी एक तुकडा फाडला होता. त्यावर वीस लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही कंपनीच्या माणसाच्या हातात दिलं.

"एवढ्या लांब आलाच आहात तर नाटक बघून जा," त्या म्हणाल्या.

साडेसहाला तो माझ्या दारावर आला, फाईल काखेत धरून, जरा ओशाळलेला. त्याची चिठ्ठी मी फाडली, अर्धी परत दिली आणि त्याला आत सोडलं.